पुण्याच्या इंटरव्ह्यूची रविवारची तयारी

आमच्या प्रयोगशाळेत फॉर्मलीनच्या बरण्या कमी आणि किस्से जास्त. बरण्यांना निदान झाकणं तरी आहेत! कुणीतरी "त्या दिवशी काय झालं..." म्हणतं आणि चहा गार होऊन जातो.

आधी मंडळी कोण ते सांगते. नगरच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या जोशी बाई दर रविवारी फुकट वर्ग घेतात. ज्यांच्या घरात कुणी कॉलेज पाहिलेलं नाही, अशा पदवीधरांना पुण्याच्या संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी धाडायचं, हा त्यांचा ध्यास. तिथे माणसांच्या रोगांवर काम चालतं. वर्गात भंडारदऱ्याच्या डोंगरातला किसन, घोडेगावचा भीमा आणि मी, सुधा. माझ्या घरात शिक्षण आहे, पण मुलीनं किती शिकायचं ते आधीच ठरलेलं!

खरी कसोटी किसनची. त्याची धाकटी बहीण तापानं गेली. कसला ताप, ते कुणालाच सांगता आलं नाही. तेच त्याला शोधायचंय. यंदा निवड झाली नाही, तर गावच्या शाळेत मास्तर व्हायचं, असं वडिलांनी ठरवून टाकलंय.

* * *

पहिल्या रविवारी मला बेडूक दिला. क्लोरोफॉर्म दिलेला, निपचित. मी कात्री उचलली आणि त्यानं पाय झाडला!

पुढचं मला आठवत नाही. भीमा म्हणतो, मी टेबलावर होते आणि बेडूक खाली.

बाई शांतपणे म्हणाल्या, "सुधा, क्लोरोफॉर्म त्याला दिलाय. तू शुद्धीवर ये!"

* * *

मग लुटुपुटूचे इंटरव्ह्यू सुरू झाले. बाई प्रश्न विचारणारे साहेब व्हायच्या. किसनचा घोळ असा, की प्रश्न आला की तो ताडकन उभा! गावच्या शाळेतली सवय.

"अरे, बसून उत्तर द्यायचं असतं!"

"बाई, बसून सुचतच न्हाई. मास्तर पुढं असल्यावर बसायचं कसं?"

बाईंनी डिसेक्शनचा ट्रे काठोकाठ पाण्यानं भरला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. "दुष्काळ आहे. एक थेंब सांडलास तर बघ! आता सांग, लाल पेशी कुठे तयार होतात?"

किसन उभा राहिला. ट्रेसकट! थेंबसुद्धा सांडला नाही. उत्तरही बरोबर होतं.

बाईंनी कपाळाला हात लावला.

* * *

एकदा बाईंनी फळ्यावर बेडकाचं हृदय काढलं, चार कप्प्यांचं. बेडकाला तीनच असतात, हे आम्हाला झोपेतसुद्धा सांगता येईल. तरी तिघांनीही मुकाट्यानं उतरवून घेतलं.

बाई कडाडल्या, "चूक दिसली नाही?"

"दिसली, बाई."

"मग बोलला का नाहीत? संशोधन करणार ना तुम्ही?"

मी रडायच्या बेतात. भीमा पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरतोय. शेवटी किसन म्हणाला, "आमाला वाटलं, तुमी काढलंय म्हंजे बेडकातच काईतरी फरक पडला आसंल!"

* * *

इंग्रजीचा तास म्हणजे मौनव्रत. त्या तासाला मराठीचा एक शब्दही चालायचा नाही. भीमाचं इंग्रजी सगळं अर्ज लिहून लिहून आलेलं. घोडेगावात कुणालाही तहसीलदाराकडे अर्ज द्यायचा झाला, की भीमाला हाक!

त्या दिवशी तो अचानक उभा राहिला. चेहरा गंभीर. "रिस्पेक्टेड मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन, आय बेग टू स्टेट दॅट..."

बाई खुलल्या. "गुड! गो ऑन!"

"...दॅट वन व्हाइट रॅट, हॅविंग लेफ्ट द केज, इज प्रेझेंटली..."

तेवढ्यात माझ्या पायावरून काहीतरी मऊ, गरम वर चढलं!

माझी किंकाळी शेजारच्या गल्लीत ऐकू गेली म्हणे. किंकाळी मात्र मराठीतच होती. नंतर मी भीमाला बोल बोल बोलले, तर तो म्हणतो, "ताई, सुरुवात येवस्थित नको का करायला?"

* * *

आणि परवाचा हा किस्सा. पुण्याला गेलो तिघंही. भीमाचा इंटरव्ह्यू सकाळीच झाला. मग किसनला बोलावलं. त्याच्यानंतर मी. बाकावर बसल्या बसल्या मी वही चाळत होते. दार वाजलं तरी दचकायची.

किसन बराच वेळ आत होता. बाहेर आला तो आमच्याकडे न बघताच बाकावर बसला.

"काय विचारलं रे?" भीमानं हलवलं त्याला.

"सगळंच. रक्ताचं इचारलं, तापाचं इचारलं. आलं तेवढं सांगितलं, न्हाई आलं तिथं न्हाई म्हनालो."

"मग?"

"मग मोठ्या सरांनी चष्मा काढला. म्हनाले, तुमच्या भागातून, तुमच्या समाजातून हितं आजवर कुनी आलेलं न्हाई. सगळंच नवं. झेपंल का?"

मी पुढे सरकले. "तू काय म्हणालास?"

"म्हनालो, सर, मी नवा हाय हे खरंच. पन माझ्यासारख्याला शिकवायची तुमचीबी पयलीच खेप. दोघंबी एकमेकाला सांबाळून घेऊ."

"असं म्हणालास? त्यांना?" मी बाकावरून उठलेच.

"व्हय."

"मग ते काय म्हणाले?"

"मला काईच न्हाई. शिपाई चहाचं इचारायला आल्ता, त्याला म्हनाले, एक कप वाढव, ह्याचा."