वरचा मजला

"मला एवढंच सांगा, माझ्या कामाच्या खोलीत कोण शिरलं होतं?" दातवालीने तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा भावाने पेपरचं पान उलटलं होतं, दुसऱ्यांदा भावजयीने चहा ठेवू का म्हणून विषय झटकला होता.

"शिरलं म्हणजे काय, ताई? आम्ही काय चोर आहोत?" भावजय म्हणाली.

"चोर परवडला. तो वस्तू घेऊन जातो, इकडची तिकडे करत नाही."

दातवाली कवळ्या बनवते. चाळीस वर्षं हेच काम. तळमजल्यावरच्या खोलीत एक लांब फळी आहे, तिच्यावर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले आणि तयार झालेली कवळी ज्याच्या त्याच्या साच्यावर चढवलेली. नंबर साच्यावर नसतो, फळीच्या कडेला असतो. साच्यावर लिहिलं की प्लास्टर शाई पितं, आणि तिच्याशिवाय त्या फळीला हात लावतो कोण? आज सकाळी तिने घाईत नंबर बघून कवळ्या डब्यांत भरल्या आणि दाताच्या डॉक्टरांकडे नेल्या. निवृत्त हेडमास्तरांच्या तोंडात खालची कवळी बसवली, तर तोंडच मिटेना. ती दुसऱ्या पेशंटची, फुलवालीची होती. मास्तर आ वासून खुर्चीत, बाहेर सहा पेशंट, आणि डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, चष्मा बदला आता." नुसती हातात घेतली तरी कवळी कुणाची ते आपल्याला कळायला हवं होतं, ही गोष्ट तिला डॉक्टरांच्या बोलण्याहून जास्त लागली.

"दोन साचे इकडचे तिकडे झाले तर एवढं काय आभाळ कोसळलं?" भाऊ म्हणाला.

"दोनच झाले हे तुला कसं माहीत?"

भाऊ पुन्हा पेपरात घुसला. दाराशी उभी असलेली सून, म्हणजे भाच्याची बायको, हळूच म्हणाली, "आत्या, मंगळवारी तुम्ही बाहेर होतात तेव्हा बँकेचा माणूस आला होता. घराची किंमत काढायला. त्याला भिंत मोजायची होती म्हणून आईंनी फळी रिकामी केली, मग परत मांडली."

"तुला कुणी विचारलं होतं?" भावजय तिच्यावर खेकसली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भाच्याला आणि सुनेला फ्लॅट घ्यायचा होता. भाच्याने दोन वर्षांत तीन नोकऱ्या सोडल्या होत्या. सून पार्लरमध्ये केस कापते, पैसे रोख मिळतात, त्यामुळे बँकेच्या लेखी ती काहीच कमवत नाही. दोन बँकांनी हात वर केले. तिसरी म्हणाली, कुणाचं तरी घर तारण ठेवा. मग काय, घरातल्या घरात ठरवून टाकलं. कागद आला की आत्या सही करेल. आजवर कधी नाही म्हणालीय?

भाच्याने बँकेचा कागद पुढे केला. तिने चष्मा चढवून वाचला. 'तळमजल्यावर एक जुनी खोली, निवासास अयोग्य.'

"अयोग्य," ती म्हणाली. "बरं."

याच खोलीवर हे घर उभं राहिलं होतं. सतराव्या वर्षी ती दवाखान्यात लादी पुसायला लागली. मागच्या खोलीत कवळ्या बनवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराचा हात थरथरायचा, म्हणून तो तिला मेण धरायला बोलवायचा. धरता धरता ती शिकली. लग्नाचं बघायला आलेले लोक तिच्या नखांतलं पांढरं प्लास्टर बघून उठून जायचे. आधी खोली झाली, मग स्वयंपाकघर, मग जिना, आणि जिना झाला म्हणून वरचा मजला. भाऊ अकरा वर्षांपूर्वी दोन महिन्यांसाठी राहायला आला तो वरच्या मजल्यावर, आणि तिथेच राहिला.

"घर विकायचं थोडंच आहे?" भाऊ आता समजुतीच्या सुरात बोलू लागला. "गहाण म्हणजे नुसता कागद."

"नुसता कागद आहे तर तुझं घर ठेव."

"माझं कुठे आहे घर?"

"तेच म्हणतेय मी."

"बघितलंत?" भावजय म्हणाली. "भाच्याला पोटच्या पोरासारखा वाढवला म्हणतात, आणि वेळ आली की असं. मागे-पुढे कोण आहे तुम्हाला? शेवटी सगळं त्याचंच ना?"

"शेवट व्हायच्या आधीच मोजमाप घ्यायला बोलावलंत, म्हणून विचारतेय."

भाचा मोबाइलमध्ये तोंड खुपसून म्हणाला, "आत्या, हप्ते वेळेवर जातील गं. तुझ्या घराला धक्का लागणार नाही."

"हप्ते कोण भरणार होतं?"

सून म्हणाली, "मीच. यांची नोकरी लागेपर्यंत."

"म्हणजे कायम. आणि मंगळवारी तो माणूस आला, तेव्हा मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्याशी बोलले की वर दोन दिवस माझ्याशी कुणी बोलत नाही."

"नाटकं," भावजय पुटपुटली.

"तुला वेगळं घर कशाला हवंय?" दातवालीने सुनेला विचारलं. आवाजात काही माया नव्हती. एखाद्या पेशंटला कुठे टोचतंय विचारावं, तसं.

"तीन वर्षं झाली लग्नाला. माझे कपडे अजून बॅगेत आहेत. कपाटात जागा नाही म्हणतात."

"चांगली महागाची बॅग आहे की," भावजय म्हणाली.

दातवालीने बँकेचा कागद पुन्हा घेतला, हप्त्याच्या आकड्यावर बोट ठेवलं. "एवढे महिन्याला देऊ शकतेस?"

"थोडे कमी."

"किती कमी?"

सुनेने सांगितलं. दातवालीने कागदाची घडी घातली आणि भाच्याच्या शर्टाच्या खिशात कोंबली.

"तू शहाणी नाहीस," ती सुनेला म्हणाली, "शहाणी असतीस तर मंगळवारीच खाली आली असतीस. पण विचारल्यावर खोटं बोलली नाहीस. या घरात सध्या तेवढंही पुष्कळ झालं."

"म्हणजे सही करतेस ना, ताई?" भावाने पेपर खाली ठेवला.

"घर गहाण पडणार नाही. वरचा मजला मी हिला विकतेय. बँक हिला दारात उभं करत नाही, तर हप्ते मला दे म्हणावं, जमतील तेवढे, पंधरा वर्षं. कागद वकिलाकडून होईल. हिच्या एकटीच्या नावावर, नवऱ्याचं नाव घालायचं नाही."

"आणि आम्ही?" भावजय उभी राहिली. "आम्ही कुठे जायचं?"

"सोमवारी दहा वाजता वकिलाकडे जायचंय. त्यानंतर वर कोण राहणार आणि कोण नाही, ते तिला विचारायचं. मला नाही."