‘हलू नका’वाल्याचा मुलगा

आमच्या गावात फोटो काढायचा म्हणजे श्वास कोंडून उभं राहायचं. हे शिकवलं वस्फीच्या बापानं. नदीकाठच्या त्याच्या स्टुडिओत अख्खं गाव बसून आलं आणि प्रत्येकाला त्याचा एकच दम, "हललात तर फोटोत भूत येईल." म्हातारा गेला, धाक मात्र राहिला. त्याची फळं भोगतोय वस्फी.

कारण या पोराला भलतंच वेड. त्याला कामातली माणसं टिपायची असतात. जाळी ओढणारे, बर्फ फोडणारे, भट्टीत पाव सरकवणारे. लग्नाचे फोटो काढून पोट भरतो आणि उरलेला वेळ असा उधळतो. माझी, म्हणजे हिलमीच्या आईची, चहाची टपरी नावा बांधतात त्या आवाराला लागूनच, त्यामुळे त्याची फजिती मला रोज फुकटात बघायला मिळते. त्यानं कॅमेरा उचलला की आवार थिजतं. करवत अर्ध्या फळीत थांबते. रंगारी ब्रश टाकून छाती फुगवतो. एकदा एकजण बादली तिरकी धरून तसाच उभा राहिला आणि सगळं पाणी त्याच्याच चपलांवर.

"अरे, काम करा की," वस्फी विनवतो.

"आधी तू तुझं उरक," ते ओठ न हलवता म्हणतात.

पालथ्या घड्यावर पाणी. मी पोट धरून हसायची. या वसंतात मात्र हसू येईना, आणि त्याला कारण आवारातला उस्ता, म्हणजे मुरलेला कारागीर, शिनावी.

फळ्यांच्या फटींत कापसाची वात ठोकून बसवणारा हा माणूस. त्यानं ठोकलेली नाव गळली असं कुणी ऐकलं नाही. पण त्याचा उजवा खांदा कामातून जात चालला होता. डॉक्टरनं सांगितलं, एवढी नाव उरका आणि हातोडा ठेवून द्या. वस्फीकडे त्याचे ढीगभर फोटो होते. सगळ्यांत हातोडा हवेत आणि चेहरा पासपोर्टवरचा.

"उस्ता, मला तुमचा हात चालताना हवाय," वस्फी म्हणाला.

"हात चालला की फोटो बिघडतो. तुझ्या बापाला विचार."

"बाप वारला, उस्ता."

"अल्ला त्याला जन्नत देवो. म्हणून त्यानं शिकवलेलं मरतं होय रे?"

वस्फी माझ्याकडे येऊन बसला. चहाला हात लावला नाही. "उम्म हिलमी, उद्या शेवटची फट. ती निसटली की संपलं," म्हणाला. खोटं कशाला बोलू, मलाही वाईट वाटलं.

शेवटची फट सगळे मिळून ठोकतात, गाण्यावर. एकजण ओळ टाकतो, बाकीचे "हेला हेला" म्हणत घाव घालतात. ओळ एकदा पडली की कडवं संपेपर्यंत कुणाचा हात थांबत नाही. थांबला तर नाव नेमकी तिथंच पाणी पिते, असं आमच्याकडे मानतात. ओळ टाकायचा मान शिनावीचा.

दुसऱ्या दिवशी सगळे नावेला भिडले. वस्फीनं कॅमेरा उचलला आणि झालं, हातोडे हवेत, माणसं खांब.

तेवढ्यात वस्फीनंच कॅमेऱ्याआडून ओळ टाकली. आवाज इतका फाटका, की धक्क्यावरचे बगळे उडाले. पण ओळ ती ओळ. "हेला हेला" आलं आणि हातोडे पडले. शिनावीनं त्याच्याकडे जळजळीत पाहिलं, पण हात थांबवतो कसा?

"गाढवा, सूर तरी धर," दोन घावांमध्ये तो ओरडला आणि पुढची ओळ त्यानंच उचलली.

शुक्रवारी वस्फी फोटो घेऊन शिनावीच्या घरी गेला. मी कशी मागे राहीन? फोटोत शिनावीचं तोंड वासलेलं, मानेच्या शिरा तट्ट, आणि उजव्या हाताच्या जागी नुसता पांढरा फराटा.

"बघ, हात आलाच नाही," शिनावी म्हणाला. "सांगत होतो तुला."

वस्फीनं मान खाली घातली. शिनावीच्या सदऱ्याची बटणं लावत असलेल्या रतीबानं, त्याच्या बायकोनं, फोटो ओढून घेतला.

"आलाय की," ती म्हणाली. "असाच तर दिसायचा. मी जेवण घेऊन यायचे तेव्हा थांबलेला कधी बघितलाय मी हा हात?"

शिनावीनं फोटो डाव्या हातात घेतला. मग त्या फराट्यावर अंगठा ठेवून वस्फीला म्हणाला, "चेहऱ्याचं राहू दे. एवढाच मोठा करून दे."