शिडावरचा पांढरा ठिपका

श्रीरंगदादा गेल्याचं मला हॉस्पिटलच्या टी-रूममध्ये कळलं, इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर आलेल्या मेसेजमधून. कुणी फोन केला नाही. का करावा? सहा वर्षं मी त्यांच्याशी बोलत नव्हते, हे न्यूझीलंडच्या या अप्पर हट गावातल्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक होतं. कारण मात्र सगळ्यांना चुकीचं ठाऊक होतं, आणि ते मीच पसरवलं होतं.

दादा फार्मासिस्ट. मी नर्स म्हणून इथे नवी आले तेव्हा घर शोधण्यापासून गाडी शिकवण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. त्यांची स्वतःची गाडी मात्र पावसात उभी, कारण गॅरेजमध्ये पोस्टाची तिकिटं राहायची. तिकिटावरची खूण छपाईतली चूक आहे की नंतर झालेली इजा, हे सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि गोड खोटं बोलणं त्यांच्याकडे औषधालाही नव्हतं.

माझे वडील, अण्णा, साताऱ्याहून इथे आले ते एक निळं तिकीट जपून घेऊनच. होडीचं चित्र आणि शिडावर पांढरा ठिपका. "छापताना इथे शाईच लागली नाही, असं दुसरं मिळायचं नाही," हे ते दारी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाजवळ मिरवायला तेवढंच होतं. दादांनी गॅरेजमध्ये भिंग लावलं, तिकीट उजेडात तिरकं धरलं आणि म्हणाले, "अण्णा, शाई लागली नसती तर कागद गुळगुळीत राहिला असता. इथे तंतू वर आलेत. कुणीतरी खोडरबरानं घासलंय."

"असेल," एवढंच म्हणून अण्णांनी तिकीट पाकिटात ठेवलं. परत गेल्यावर ते त्यांनी कुणालाही दाखवलं नाही. वर्षाच्या आत अण्णा गेले.

मी दादांना फोनवर नको नको ते बोलले. "म्हाताऱ्या माणसाशी दोन शब्द गोड बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

ते शांतपणे म्हणाले, "निशा, माझंही चुकू शकतं. दोष छापखान्याचा असेल तर दुसऱ्या एखाद्या तिकिटावर त्याच जागी सापडेल. मी शोधतो."

मी फोन कापला. पुढे एकदा कोपऱ्यावरच्या डेअरीत ते समोर आले, तर हातातलं दूध तिथेच ठेवून मी बाहेर पडले.

आता खरं सांगते. ते खोडरबर माझं होतं. नऊ वर्षांची असताना, अण्णांचं तिकीट कोरं दिसावं म्हणून मी त्यावरचा पोस्टाचा शिक्का खोडायला गेले. शिक्क्याबरोबर शिडाचा रंगही गेला. मार बसेल म्हणून गुपचूप वहीत परत ठेवलं. पुढे अण्णांना त्यात नवल सापडलं, आणि मी ते सापडू दिलं. दादा "कुणीतरी" म्हणाले तेव्हा आता माझं नाव निघेल, अशी भीती मला वाटली होती. राग त्या भीतीचा होता, दुसऱ्या कशाचाच नाही. चोराच्या उलट्या बोंबा!

गेल्या आठवड्यात दादांच्या पत्नी मेधावहिनींनी गॅरेज आवरायला बोलावलं. त्यांच्या मनात माझ्याविषयी काहीच अढी नव्हती, हेच जास्त लागलं. त्यांची लेक इरा एक पाकीट घेऊन आली. "आत्या, धिस हॅज युवर नेम ऑन इट. हीप्स ऑफ देम, ऑल द सेम."

वर दादांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'निशाच्या अण्णांसाठी'. आत तीच निळी होडी, अकरा वेळा. प्रत्येकीखाली पेन्सिलीनं 'शीड स्वच्छ', 'शीड स्वच्छ'... आणि शेवटच्या तिकिटाखाली 'शीड स्वच्छ. अजून बघू.' आपण खोटं ठरावं म्हणून हा माणूस सहा वर्षं धडपडत होता.

"काय शोधत होते गं हे इतकी वर्षं?" वहिनींनी विचारलं.

"माहीत नाही, वहिनी," मी म्हणाले.

निघताना त्या म्हणाल्या, भिंग तू घेऊन जा. मी नाही घेतलं. ते अजून गॅरेजच्या टेबलावर आहे, त्यांच्या चष्म्याशेजारी. वहिनी ही पुरवणी दर रविवारी वाचतात, म्हणून त्यांचं उत्तर इथे देते. वहिनी, दादा अकरा तिकिटांवर जे शोधत होते, ते अण्णांच्या तिकिटाला भिंग लावलं त्या दिवशी गॅरेजमध्ये त्यांच्या शेजारीच उभं होतं.