डोकं, पोट आणि शेपूट

भट्टीमास्तर गल्लीतून नाक वर करून चालायचे आणि गल्ली ते खपवून घ्यायची. अख्खा कारखाना त्या नाकावर चालायचा, मग ते खाली कशाला असेल?

रमची ती भट्टी शंभरीला आलेली. उसाची मळी आंबवायची, तांब्याच्या हंड्यात उकळायची, वाफ गार होऊन नळीतून धार लागली की मास्तरांनी चार थेंब तळहातावर घ्यायचे, हात चोळायचे, हुंगायचे. पहिली धार म्हणजे डोकं. ती उग्र आणि विषारी, फेकून द्यायची. मग पोट, तेवढंच पिंपात भरायचं. शेवटी शेपूट, ते पुन्हा हंड्यात. डोकं संपून पोट लागलं की मास्तर म्हणायचे, "आलं," आणि नळीचं तोंड पिंपाकडे वळायचं. इतरांनी यंत्रं बसवली होती. इथल्या मालकीणबाई मात्र पाहुण्यांना ठसक्यात सांगायच्या, "आमच्याकडे काटा नाही, नाक आहे."

बायको गेली त्याच हिवाळ्यात मास्तरांचं नाकही गेलं. निमित्त पडशाचं. पडसं ओसरलं, वास काही परतला नाही. रडूही आलं नाही. बायाबापड्या भेटायला येऊन हुंदके देऊन गेल्या आणि हे आपले खुर्चीत बसून प्रत्येकीला विचारत होते, चहा घेतला का. गल्ली म्हणाली, माणूस आहे की धोंडा. पुढे एकदा दूध करपून घरभर धूर झाला, तरी हे पेपर वाचत बसलेले. शेजारच्या गल्लीत दिलेली लेक धावत आली.

"बाबा, नाक काय गहाण ठेवलंत?"

"करपलं का?" म्हणाले, आणि पान उलटलं.

भट्टीवर सवयीने निभावत होतं. धार लागली की नेहमीएवढा वेळ जाऊ द्यायचा, हात चोळायचे, हुंगल्यासारखं करायचं, "आलं" म्हणायचं. पकडलं ते मळीवाल्याने. हा त्यांचा जुना दोस्त. टाक्यांत मळी ओतता ओतता ज्याच्या त्याच्या खोड्या काढणारा. एका दुपारी कप घेऊन आला.

"मास्तर, जुन्या पिंपातली आहे. कशी वाटते?"

मास्तरांनी कप नाकाशी धरला, डोळे मिटले. "छान. जरा कोवळी आहे अजून."

"नळाची आहे," मळीवाला म्हणाला.

मास्तरांनी कप खाली ठेवला. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"कधीपासून?" मळीवाल्याने विचारलं.

"ही गेली तेव्हापासून."

"तरीच म्हटलं, माझं डोकं हल्ली का ठणकतं."

"तुझं डोकं आधीपासून तसंच आहे."

"मालकीणबाईंना सांगून टाका की."

"आणि करू काय? घरी बसून भिंतींशी बोलू? भट्टीवर उभा असतो म्हणून उठतो तरी सकाळी."

शंभरीचा सोहळा तोंडावर आलेला. पाहुण्यांसमोर नवं पिंप भरायचं आणि नातवंडांच्या काळात उघडायचं, असा मालकीणबाईंचा बेत. त्यात यंदाचा ऊस पाणीदार, धार कशी चालेल याचा नेम नाही. नुसत्या सवयीवर भागणार नव्हतं. शेवटी मळीवालाच म्हणाला, "माझं नाक तुमच्याएवढं नाही, पण डोकं-पोट कळतं मला. शेजारी उभा राहतो. पोट लागलं की कान खाजवीन. तुम्ही 'आलं' म्हणा."

सोहळ्याला सगळ्यांना नवे गणवेश मिळाले. कॉलर पुठ्ठ्यासारखी कडक. मालकीणबाईंचं भाषण झालं, आजेसासऱ्यांपासूनचा इतिहास झाला, हंडा घासूनपुसून नवरीसारखा चमकत होता. धार लागली. मास्तरांनी हात चोळले, नाकाशी नेले आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिले. मळीवाल्याने कान खाजवला.

"आलं," मास्तर म्हणाले.

नळी वळली. धार पिंपात पडू लागली. टाळ्या वाजल्या. आणि मळीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. कॉलर टोचत होती म्हणून त्याचा हात कानामागे गेला होता. तो मान हलवत होता, नाही, नाही, अशी.

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग पिंपाकडे. गप्प बसले असते तर आज कुणाला काही कळलं नसतं. जे पिणार होते ते अजून जन्मलेही नव्हते. छातीत धडधड व्हायला हवी होती. तीही झाली नाही.

"ओतून टाका ते," ते म्हणाले. आवाज दूध करपलं त्या दिवशी होता तितकाच थंड. "डोकं गेलंय आत. मला वास येत नाही, बाई. वर्ष झालं."

टाळ्या विरल्या. कुणीतरी खोकलं. मालकीणबाईंनी त्या नाकाकडे पाहिलं आणि त्या हलकेच म्हणाल्या, "मला सांगायचं होतंत."

"हो."

पिंप ओतलं, धुतलं. पुढे "आलं" म्हटलं ते मळीवाल्याने, आणि त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर रडतील, रुसतील, निदान दार तरी लावून घेतील, म्हणून गल्ली टपून बसली होती. ते नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघाले. मालकीणबाईंनी त्यांना हंड्याखालच्या जाळावर नेमलं होतं. उसाची चिपाडं आत लोटायची, तिथे नाकाचं काम नाही.

"उकडतंय का हो?" मळीवाल्याने वरून विचारलं.

"उकडत असेल," मास्तर म्हणाले.

जाळ मंदावू लागला तसा त्यांनी चिपाडांचा आणखी एक भारा आत लोटला.