याला चाल लावा

संगीत आणि हालचालीचा तास माझ्या गळ्यात पडला, तेव्हा स्टाफरूममध्ये कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांनी एकदम आपापल्या चहाच्या कपात बघितलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. इथे अंगण चांगलं सपाट, वाकडी मीच. लहानपणच्या एका तापानंतर माझा डावा पाय आखूड राहिला तो राहिलाच.

वडील नेपानगरला कागदाच्या कारखान्यात होते. माझ्या शाळेत कवायतीचं भारी वेड. सगळ्यांचे पाय एकदम पडले पाहिजेत, आणि माझ्यामुळे ओळ बिघडायची. मग मला मैदानाच्या कडेला बसवून मुलींच्या चपला राखायला लावायचे. पुढे बऱ्हाणपूरला मी स्वतः शिक्षिका झाले, पण एक खोड लागली ती लागलीच. मुलं यायच्या आधी वर्गात येऊन खुर्ची धरायची आणि ती गेल्याशिवाय उठायचं नाही. दुसरीच्या मुलांनी मला चालताना बघू नये, एवढीच माझी धडपड होती. आता हा तास खुर्चीत बसून कसा घ्यायचा?

पहिल्या दिवशी मुलांकडूनच दोन ओळी जमवल्या. बहुतेक घरं केळीवाल्यांची, त्यामुळे गाणंही केळीचंच झालं:

केळीचं पान फाटलं फाटलं,
वाऱ्याला त्याचं काय वाटलं?

मी खुर्चीतूनच म्हणाले, "छान! आता याला चाल लावा बरं."

आमच्या मुलांची मराठी निम्मी हिंदीतून येते. गाण्याच्या चालीला ती 'धुन' म्हणतात. चाल म्हणजे त्यांच्या लेखी चालणं. झालं! सगळा वर्ग उठून चालायला लागला. कोणी आजोबांसारखं, कोणी डोक्यावर हंडा घेतल्यासारखं, एक तर चक्क म्हशीसारखा. ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, तासाच्या नावातच हालचाल आहे, हे चुकतायत कुठे? मग एकेकाने चालायचं आणि बाकीच्यांनी त्या पावलांवर टाळ्या वाजवत ओळी म्हणायच्या, असं ठरलं. आजोबांच्या चालीत गाणं रेंगाळलं, म्हशीच्या चालीत अडकलं. पालक मला विचारतात, याने गणित सुधारतं का. सुधारत असेलही, मला ठाऊक नाही. मला एवढंच दिसलं की कवायतीत पाय हुकुमावर पडतात आणि इथे गाणं पायाची वाट बघतं.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. एक पाऊल लांब टाकलं, दुसरं आखूड, आणि कंबरेतून जराशी कलली.

मी विचारलं, "ही कोणाची चाल गं?"

"मॅडम, ये तो तुमची आहे ना!" तिच्या चेहऱ्यावर चेष्टेचा लवलेश नव्हता. "शाळा सुटल्यावर खिडकीतून रोज बघते मी. एक लंबी, एक छोटी. मजा येते यात."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. इतकी वर्षं झाकलेलं या पोरीने चार पावलांत उघडं केलं होतं. तिला बाहेर उभं करणार, तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. लांब, आखूड, लांब, आखूड. फाट-लं, फाट-लं. कोणाच्याच पावलांत न बसलेली ओळ माझ्या पावलांत नेमकी बसली. मुलं खूश होऊन ओरडायला लागली, "हिला बराबर नाही जमत! मॅडम, तुम्हीच चाला!"

का उठले, ते आजही सांगता येत नाही. टेबलाचा आधार सोडला आणि दाराकडे निघाले. माझं पाऊल पडेल तेव्हाच टाळी पडत होती. सगळा वर्ग माझ्या पायाकडे बघत होता आणि मला लाज नव्हे, चक्क आनंद वाटत होता. एवढ्यात दारात मुख्याध्यापिका दिसल्या. सवयीने माझा पाय जागीच थांबला.

टाळ्याही थांबल्या.

मागून तीच मुलगी कळवळून म्हणाली, "मॅडम, रुकू नका ना! आमचं गाणं आधंच राहिलं."

मी मुख्याध्यापिकांच्या देखत आखूड पाऊल टाकलं, आणि टाळी पडली.