सकाळच्या बातम्यांआधीचा दर

रेडिओ केंद्रावर तिला सगळे तराजूबाई म्हणत. जाहिरातींचं बुकिंग तिच्याकडे, आणि कुणी कितीही लाडीगोडी लावली तरी दर तसूभर हलायचा नाही. आता केंद्राला टाळं लागलंय, तीही निवृत्त झालीय. पण सकाळी चहा गाळताना ती अजून बातम्यांआधीची धून गुणगुणते, आणि मग हमखास ताईच्या आठवणीपाशी येऊन थांबते.

काय दिवस होते ते! खोली काडेपेटीएवढी, पंखा कुरकुरणारा, काचेपलीकडे निवेदक घसा खाकरतोय. आणि दारात चपलांचे दुकानदार, शिवणक्लासवाल्या बाई, सगळ्यांचा डोळा बातम्यांआधीच्या वेळेवर. निवडणूक आली की मात्र नियम कडक. नेहमीच्या गिऱ्हाइकाला जो सगळ्यांत कमी दर, त्याहून जास्त उमेदवाराकडून घ्यायचा नाही. आणि एका उमेदवाराला जो दर, तोच दुसऱ्याला.

त्या वर्षी भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, नगरपालिकेला उभे राहिले. केंद्राचे मालक त्यांचे जिगरी दोस्त. चहा पिता पिता मालकांनी दर निम्म्यावर आणला, जाहिरात वाजलीसुद्धा. तराजूबाईला कळलं ते बिल करताना. भावोजींच्या विरोधात होते निवृत्त ड्रॉइंग मास्तर. रेडिओ परवडत नाही म्हणून बिचारे सायकलला कर्णा बांधून गल्लोगल्ली फिरत होते.

"मास्तरांनाही आता हाच दर द्यावा लागेल," ती म्हणाली.

"अहो, पण त्यांना सांगायला जातंय कोण?" मालक हसले.

"मी."

तिनं फोन लावला. मास्तर रोज बातम्यांआधी बोलू लागले, वर्गात बोलायचे तसंच साधं, आणि थोडक्या मतांनी निवडून आले.

भावोजींनी हसण्यावारी नेलं. ताईनं नाही. "सख्ख्या बहिणीच्या घरावरून नांगर फिरवलास," एवढं म्हणून तिनं बोलणंच टाकलं. लग्नकार्यात समोर आली तरी तोंड फिरवायची. तराजूबाईला तो अबोला फार लागला. आपलं चुकलं नाही हे तिला ठाऊक होतं, पण त्यानं घास काही गोड लागत नव्हता.

पुढच्या निवडणुकीला भावोजी पुन्हा उभे राहिले. एके सकाळी ताई स्वतःच टेबलासमोर हजर.

"दर काय?" तिनं परक्यासारखं विचारलं.

तराजूबाईनं सांगितला.

"आणि समोरच्याला?"

"हाच."

"मी तुझी बहीण, त्याचं काय?"

"त्याचा चहा देते. बस."

ताईच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. ती बसली, चहा प्यायली, पैसे भरले आणि निघून गेली.

भावोजी त्याही खेपेला पडले. निकालाच्या संध्याकाळी टेबलावरचा फोन वाजला. तराजूबाईनं सवयीनं दरपत्रक पुढ्यात ओढलं. पलीकडून नुसते हुंदके. ताईला रडायला जावा होत्या, मैत्रिणी होत्या. पण फोन तिनं धाकटीलाच केला होता.