आयेला हटवा म्हणाले

"मॅडम, तुमच्या कामवालीला जरा बाजूला व्हायला सांगा ना. कसलं घाण दिसतंय!"

वर्गातल्या एका मुलीची आई बोलली. चाळीस मुलांसमोर, मोठ्याने. लालबागच्या चाळीतल्या आमच्या खोलीतून मी एका कंपनीसाठी ऑनलाइन कोडिंग शिकवत होते. अगदी पहिले धडे. मागे माझी आये विळीवर बांगडे कापत होती, डब्यांसाठी. जुना लॅपटॉप. मागचं पुसट करायला गेलं की सगळंच अडकायचं. आये जाणार कुठे? खोली एकच.

सरांचा मेसेज आला. सर म्हणजे वर्गावर नजर ठेवणारा कंपनीचा माणूस. "सॉरी म्हणा. तिला हटवा."

मी मागे वळले. म्हणाले, "बाई, जरा बाजूला व्हा."

स्वतःच्या आईला. अहोजाहो करून.

आये विळी उचलून गॅलरीत जाऊन बसली. वर्ग संपला तशी आत आली आणि माशांच्या रक्ताने भरलेल्या हाताने माझ्या कानफटात ठेवून दिली. हेडफोन उडाला. ओठ फुटला.

"बाई कोणाक म्हटलंस गो? मी तुजी आवस आसंय!"

मी भिंतीवर मूठ आपटत राहिले, बोटं सोलून निघेपर्यंत. लोकांचे डबे करून करून तिने मला कॉलेजात घातलं, आणि मी एका मेसेजवर तिला नाकारलं. आणि कामवाली असती तर? तिला तरी घाण म्हणायची कोणाची टाप?

पुढच्या वर्गाला मी म्हटलं, "आये, हयसरच बस." ती विळी घेऊन माझ्या मागे, तिथेच बसली. त्या दिवशी लूप शिकवायचं होतं. "टोपलीत मासा आहे तोवर एक घे, काप, पुन्हा टोपलीत बघ. संपले की थांब. बघा, माझी आई कशी करते." मुलं पुढे सरकून बघू लागली. एकाने विचारलं, "मिस, टोपली रिकामी असेल तर?" अख्ख्या वर्गातला तो पहिला शहाणा प्रश्न.

उत्तर द्यायच्या आत सरांनी माझा आवाज बंद केला. सरळ तोंड दाबलं. पण माझा कोडचा पडदा मुलांना दिसत होता. मी एक ओळ लिहिली आणि चालवली. चाळीस घरांत उमटलं, "ती कामवाली नाही. माझी आई आहे."

मला वर्गातून उडवलं. लगेच सरांचा फोन. "पालकांची माफी मागा, नाहीतर नोकरी गेली समजा."

"गेली," मी म्हटलं.

शिकवणं मी सोडणार नाही. जिथे शिकवीन तिथे आये दिसेल. ज्याला घाण वाटेल त्याने आपले डोळे फोडून घ्यावेत. तिला हटवायला सांगणाऱ्याचं मी थोबाड फोडीन. आणि माझी जीभ पुन्हा तशी वळली, तर आधी तीच छाटीन.